बहिणीचा वाटा

"घरी रोज घेतेस ना सुई? खरं सांग." सलेकानं पुन्हा विचारलं.

"आता काय कुराण उचलू? घेते म्हटलं ना!" तेकबरनं अंगभर गुंडाळलेल्या मलहफ्याचा पदर तोंडावर ओढला.

न्वाकशोत शहरातल्या या दवाखान्यात सुया टोचण्यात सलेकाची उभी हयात गेली होती. खोटं बोलणारा पेशंट तिला पदराच्या ओढीवरूनच कळायचा. पण आज भांडायचं त्राण नव्हतं. सकाळपासून वीज नव्हती, गुडघे ठणकत होते, आणि डॉक्टर जाता जाता सांगून गेले होते, "या बाईच्या रक्तातला विषाणू कमी होत नाही. पुढच्या तपासणीतही तसंच दिसलं, तर औषध बंद करावं लागेल." ते बंद झालं की तेकबरसाठी दुसरं काहीच नव्हतं.

"हे बघ बाई," सलेका म्हणाली, "यकृताच्या पेशीपेशीला दार असतं. हा मेला रोग तिथूनच आत घुसतो. औषध जाऊन त्या दाराच्या कुलपात अडकून बसतं, रोगाच्या किल्लीला जागाच ठेवत नाही. पण ते फार टिकत नाही. म्हणून रोज घ्यायचं, आणि पूर्ण घ्यायचं."

"ठाऊक आहे. तूच सांगितलंस की पहिल्या दिवशी."

"मग?"

तेकबरनं हनुवटीनं बाहेरच्या बाकाकडे खूण केली. तिथं तिची धाकटी बहीण जैनबू बसली होती, पाय सुजलेले, पोटात पाणी झालेलं. रोग तोच, पण यकृत पार कामातून गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला हे औषध नाकारलं होतं.

"अर्धं तिला टोचते," तेकबर म्हणाली. "आमच्यात दुधाचा कटोरा एकटीनं कुणी संपवलाय का कधी? अन् ती समोर बसलेली असते गं."

"सुई तरी वेगळी?"

"तेवढी अक्कल आहे मला."

सलेकाला राग आलाच नाही.

"वेडे, अशानं तुझीही दारं उघडी राहिली. आणि तिच्या घरात आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही."

"हे तिला तू सांगशील?"

सलेकाला ते जमलं नाही. यापुढे सुई दवाखान्यातच घ्यायची, एवढंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी आल्या. जैनबू बाहेर बाकावर टेकली. सलेकानं कुपी तळव्यात हलकेच फिरवून पूड विरघळवली, तेकबरच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई आत सरकवली. औषध निम्मं गेलं असेल नसेल, तेकबरनं सलेकाचं मनगट घट्ट धरलं.

"बस. उरलेलं तिचं."

"तेकबर, सोड."

"बस म्हटलं ना!"

"आक्का," बाहेरून जैनबूचा दमलेला आवाज आला, "झालं का गं तुझं? मी येऊ आता?"

तेकबरनं डोळे मिटले. मनगटावरची बोटं हळूहळू सैल झाली. सलेकानं उरलेलं औषध आत ढकललं आणि कापूस दाबून धरला.

"नको येऊस," तेकबर म्हणाली. "मीच येते बाहेर."