पटकथेतली वहिनी

आलेली पटकथा वाचायची आणि तिच्यात काय जमलंय, काय फसलंय ते लिहून द्यायचं, हेच थोरलीचं चित्रपट कंपनीतलं काम. भल्याभल्या लेखकांची तिने कधी भीड ठेवली नव्हती. पण या वेळी लेखिका होती तिची धाकटी नणंद, वरच्याच मजल्यावर राहणारी. "ऑफिसात देण्याआधी तू एकदा बघ, वहिनी," म्हणत तिने बाड हातात ठेवलं आणि पळ काढला.

सुट्टीच्या दुपारी थोरली वाचायला बसली. गोष्ट एका मुलीची. लग्न मोडून ती भावाकडे राहायला येते आणि हळूहळू तिला वाटू लागतं, की कुणीतरी आपल्या वस्तू मुद्दाम हलवतंय. कंगवा जागेवर नसतो, चष्मा भलत्याच खोलीत सापडतो. खरंच कुणी हलवतंय, की तिचंच मन थाऱ्यावर नाही? वाचता वाचता थोरलीचा चहा निवून गेला. संवाद मोजके, पण न बोललेलं सगळं ऐकू येत होतं. पोरीने कमाल केलीय, असं तिला मनापासून वाटलं.

मध्यानंतर मात्र गाडं अडलं. संशय जिच्यावर जायला हवा ती वहिनी इतकी गुणाची, की कुणाला शंकाच येऊ नये. ती चिडत नाही, दमत नाही, उठसूट सरबत आणून देते. आणि टॉवेलच्या घड्या घालताना कडेला कड जुळवते. थोरलीची नजर समोरच्या टॉवेलांच्या चळतीवर गेली आणि तिला हसू फुटलं. ही तर आपणच!

संध्याकाळी ती वर गेली.

"आधी चांगलं सांगू की वाईट?"

"वाईट," नणंद म्हणाली.

"तुझी वहिनी साफ खोटी आहे."

नणंद ओशाळली. "आधी ती तशी नव्हती गं. चांगली टोचून बोलायची. मग वाटलं, तुला लागेल. म्हणून काढून टाकलं."

"आणि सरबत घातलंस. मी तुला जन्मात कधी सरबत दिलंय?"

"नाही," नणंदेने प्रामाणिकपणे सांगितलं आणि दोघी हसत सुटल्या.

मग थोरली जरा गंभीर झाली. "वर जायच्या आधी तू आमच्याकडे राहायला आलीस ना, तेव्हा मला तुझी कीव यायची आणि रागही यायचा. स्वतःच्याच घरात मोकळं बसायची चोरी झाली होती. ते लिही. तुझ्या नायिकेला तेच जाणवतंय, पण बोलत कुणीच नाही. म्हणून तर तिचं डोकं फिरायला लागतं."

"मला कळायचं ते," नणंद म्हणाली. "पण तू कधी जा म्हणाली नाहीस."

"तेही लिही."

मग दोघी कामाला लागल्या. थोरली एकेक वाक्य म्हणून दाखवू लागली. "राहा हवं तितकं. फक्त पसारा तेवढा तुझ्या खोलीत ठेव," असं ती गोड आवाजात म्हणाली, तेवढ्यात जेवायला बोलवायला आलेला नवरा दारातच थबकला.

"भांडताय का?"

"दुरुस्ती चाललीय," बहिणीने सांगितलं.

लेखिका घरचंच माणूस म्हणून ऑफिसात थोरलीने ती पटकथा सहकाऱ्याकडे सोपवली. त्याने लिहिलं, 'वहिनी फार जमून आलीय. तिचा राग येतो आणि तिचं पटतंही. भाऊ मात्र कच्चा वाटतो. घरात एवढं घडतंय आणि याला पत्ताच नाही, हे पटत नाही.'

कंपनीने पटकथा घेतली. थोरलीने तो अभिप्राय घरी जेवताना वाचून दाखवला.

"का नाही पटत?" नवरा म्हणाला. "मला खरंच काही माहीत नव्हतं."