ओळखीचे झाड

जमुनाबाईंनी माझा मोबाइल हातात घेतला आणि छायाचित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा जड, गोड वास उन्हाबरोबर वाढत होता. मला माझेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होते: चेहरा झाकला आहे, नावही बदलले आहे.

छायाचित्र मीच काढलेले, पंधरवड्यापूर्वी, पहाटे. मोहाच्या बुंध्याभोवती जाळलेल्या पाल्याचे काळे वर्तुळ आणि त्यात फुले वेचणारी एक बाई. उष्ण प्रदेशातील जंगलांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना परदेशातली एक संस्था वर्षभराची शिष्यवृत्ती देते. गोंदियाच्या साप्ताहिकात सहा वर्षे मी सत्कार आणि उद्घाटनांच्या बातम्या लिहीत आले. जंगलाजवळ बसून लिहायला एक सबंध वर्ष मिळण्याची ही पहिलीच शक्यता. उन्हाळ्यात पाने गाळून उघडेबोडके उभे राहणारे आमचे जंगल त्यांच्या हिरव्यागार माहितीपत्रकात बसते का, असे मी भीत भीत विचारले होते. त्यांनी हो म्हटले. या छायाचित्रासकट पाठवलेला अर्ज पहिल्या फेरीत निवडला गेला. आता जमुनाबाईंची संमती तेवढी हवी होती, मुदत उद्याची.

"मॅडम," त्यांचे पती पतिराम खाटेवरून म्हणाले, "हे झाड कोनाचं हाय, कोनी सांगतलं नाही तुमाले?"

"जंगल सरकारचं आहे ना?"

ते हसले. "जंगल सरकारचं. मोह घराघराचा. हा गाठीचा, नाल्याकडं वाकलेला, माझ्या मायचा होता. आता हिचा. गावातलं लेकरूबी ओळखते. गार्डसाहेबबी ओळखते."

तेव्हा मला उमगले. पाला जाळून जमीन मोकळी करायची आणि मग फुले वेचायची, ही इथली जुनी रीत. आणि जंगलात आग लावणे हा गुन्हा. पतिराम तर उन्हाळाभर वनखात्याकडे आगीवर पाळत ठेवण्याच्याच कामावर. मी बाईचा चेहरा पुसला होता आणि तिच्या घराचा पत्ता चौकटीच्या मधोमध ठेवला होता.

"फोटो परदेशात जाणार," मी म्हणाले. "तिथं कोण ओळखेल?"

"मोबाइलवर सारं इथंच परत येते," जमुनाबाई म्हणाल्या. "रेंजरसाहेबाच्या पोराच्या लग्नातला नाच काल आमी इथं बसून पाहून रायलो होतो."

"तो काढला तर अर्जच बाद होईल."

"होऊ द्या बाद," पतिराम म्हणाले. "नाही त मी होतो."

जमुनाबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "आधीच कोनाले धाडला त नाही ना?"

खोटे बोलणे सोपे होते. "संस्थेतल्या पाच जणांनी पाहिलाय," मी म्हणाले. "निवड झाली, तर तो माझ्या नावासोबत छापतील."

"त्या दिवशी तुमाले चहा पाजला," त्या म्हणाल्या. "झाडापाशी मीच नेलं."

मी मोबाइल घेतला. संस्थेला इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि त्यांचा अर्थ दोघांना वाचून दाखवला: अर्ज मागे घेत आहे, छायाचित्र कुठेही वापरू नये, पुसून टाकावे. रेंज एका रेघेवर आली, गेली, पुन्हा आली. पत्र गेल्याची खूण उमटली आणि माझे ते वर्ष, अजून न जगलेले, त्या रेघेवरून उतरून गेले.

"गेलं," मी म्हणाले.

पतिरामांनी मान हलवली. "ते पुसतील?"

"माहीत नाही. उद्या फोन करून विचारीन."

जमुनाबाईंनी ओंजळभर फुले उलटी केली, उन्हाकडे पाहिले आणि भिंतीला टेकवलेली टोपली उचलली.

"मी पुन्हा आले तर चालेल?" मी विचारले. "कॅमेरा न आणता. नुसती वेचायला."

टोपली कमरेवर टेकवून त्या अंगणाबाहेर पडल्या आणि नाल्याकडच्या पायवाटेने, त्या वाकलेल्या झाडाच्या दिशेने, मागे न पाहता चालू लागल्या.