डावीकडं चालणं, उजवीकडं उडी

मी बोलतोय. कोण बोलतोय म्हणाल, तर तिथंच माझी पंचाईत आहे. माझ्यात सिमकार्ड आहे म्हणून आई मला फोन म्हणते. माझ्या दोन्ही कडांना बटणं आहेत म्हणून दीपक मला गेम म्हणतो. ज्यानं मला असं केलं त्याला विचारावं, तर तो आता नाही.

आधी मी साधा फोन होतो. काच तडकली म्हणून कुणीतरी मला नाशकातल्या एका मोबाइल रिपेरिंगच्या दुकानात टाकलं आणि परत न्यायला आलंच नाही. तिथं समाधान कामाला होता. राहायला मखमलाबादला, घरी शेवंतीचा मळा, आई ललिता आणि धाकटा भाऊ दीपक. दीपकनं नववीतच शाळा सोडली होती. त्याला हातात धरून खेळायचा गेम हवा होता, तोही आत्ताच्या आत्ता. नवा घेणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. दुकानात पडदा गेलेला एक जुना गेम पडून होता. समाधाननं माझी काच बदलली, त्या गेमचे बटणांचे दोन तुकडे कापले आणि पत्र्याच्या पट्टीवर स्क्रूनं माझ्या दोन्ही बाजूंना बसवले. मग स्वतःचं सिमकार्ड माझ्यात घातलं.

दुकानातला शेखर हसत सुटला. "फोनला फोन राहू दे ना भाऊ. गेम खेळून बॅटरी उतरली, तर गिऱ्हाइकाचा फोन कोण उचलंल? उद्या म्हणशील, मिक्सरमध्येच कपडे धुवू."

"खिशात दोन-दोन डबे कशाला?" समाधान म्हणाला. "पुढं सगळं एकच होणार हाय."

होणार की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. दिवसा माझ्यावर फुलांच्या ऑर्डरी यायच्या आणि संध्याकाळी दोघं भाऊ मळ्याच्या बांधावर बसून मला खेळायचे. दोघं एकाच वेळी. डावं टोक समाधानच्या हातात, उजवं दीपकच्या. डावीकडची बारकी खुंटी ढकलली की गेममधला माणूस चालतो, उजवीकडच्या बटणानं उडी मारतो. दीपकला सगळ्याचीच घाई. पाणी यायच्या आधीच उडी मारून तो माणसाला बुडवायचा.

"तू निस्ती उडी मार," समाधान म्हणायचा. "चालायचं मी बघतो."

मध्येच ऑर्डरीचा फोन आला की खेळ थांबायचा. दीपक चिडायचा. समाधान मात्र बोलता बोलताही माझं डावं टोक सोडायचा नाही.

पेठ रोडला त्याची मोटारसायकल घसरली, त्या दिवशी मी घरी चार्जिंगला होतो. बातमी शेजाऱ्यांच्या फोनवर आली. मी पूर्ण चार्ज होऊन भिंतीशी लटकत राहिलो आणि मला काढायला कुणी आलं नाही.

त्यानंतर दीपक मला एकटाच घेऊन बसे. माझ्या डाव्या टोकाला तो हातच लावत नसे. माणूस काठावर उभा. दीपक उजवं बटण दाबे, माणूस जागच्या जागी उडी मारून परत तिथंच. असं कितीतरी वेळ. हा खेळ आहे की आणखी काही, मला समजेना.

फोन यायचेच. लोक समाधानला विचारायचे. दीपक पटकन म्हणे, "दादा बाहेर गेलाय," आणि बंद करी. खोटं माझ्यातूनच जात होतं. पण त्याचा आवाज ऐकून मलाही वाटे, गेला असेल बाहेर, येईल.

मग एक दिवस सिन्नरचे हारवाले कोंडाजी जीप पकडून घरीच आले. सणाची फुलं त्यांनी समाधानला सांगून ठेवली होती. भिंतीवरच्या फोटोला शेवंतीचा हार दिसला, तसे ते उंबऱ्यातच बसले. "धाकटा तर म्हणत होता, बाहेर गेलाय," ते म्हणाले. जे आईनं अजून स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला त्या परक्या माणसाला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मला आणि दीपकला घेऊन शेखरकडं गेली. "ह्याचे हे बटणांचे कान काढ," ती म्हणाली. "मला निस्ता फोन पाहिजे. धंदा बघायचा हाय." शेखरनं स्क्रूड्रायव्हर उचलला. हात काही उरकत नव्हता त्याचा. डावा स्क्रू सैल झाला, तसं दीपकनं मला हिसकावून घेतलं.

"नाय काढायचा. डावीकडनं दादा चालतो."

आता आई ओरडणार, असं मला वाटलं. ती बाकावर त्याच्याशेजारी बसली आणि फुलं तोडून काळ्या पडलेल्या अंगठ्यानं तिनं माझं डावं टोक धरलं.

"कसा चालायचा तो, दाखव."

माणूस आधी भिंतीवर धडकला, मग उलटा फिरला, मग सरळ पाण्यात.

"आई, कुठं चाललीस?"

"मला काय म्हाईत? रस्ता कुठंय ह्यात?"

शेखरला हसू आलं. मग तोंड फिरवून तो उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत बसला.

माणूस पुन्हा काठाशी येतो न येतो तोच मी वाजलो. गणेशवाडीच्या फुलबाजारातल्या सुलाबाई. "समाधान हाय का रे?"

दीपकनं तोंड उघडलं. तेच जुनं वाक्य येईल, म्हणून मी वाट बघत राहिलो. आईनं डावं टोक सोडलं नव्हतं.

"दादा वारला, मावशी," तो म्हणाला. "मी दीपक. फुलांचं आईशी बोला."

आई बोलली. भाव ठरला की नाही, मला आठवत नाही. रडण्याचा आवाज तिकडून येत होता, इकडून नाही. फोन बंद झाला, तेव्हा पडद्यावरचा माणूस होता तिथंच काठाशी उभा होता.

"तू निस्ती चाल, आई," दीपक म्हणाला. "उडी मी मारतो."

माझे कान अजून जागेवर आहेत. शेखरनं तो स्क्रू पुन्हा आवळला, तरी डावा जरा डुगडुगतोच. सकाळी मी धंद्याचा, संध्याकाळी बांधावरचा. दोन्ही एकात खरंच मावतं का, हे समाधानला माहीत असेल. मला नाही. तुमचंही काही ठरत नसेल तर मला कसलंच नाव देऊ नका.

एवढंच मागणं आहे. संध्याकाळी समाधानच्या नंबरवर फोन लावलात आणि उचलायला उशीर झाला, तर लगेच ठेवून देऊ नका. आई अजून भिंतीवर धडकते. माणसाला काठाशी आणून उभं करायला तिला वेळ लागतो.