पूर्ण हजेरी

समुपदेशक हा शब्द शाळेतल्या लहान मुलांच्या जिभेला काही केल्या पेलत नसे. म्हणून त्यांनी आपलं सोपं नाव ठेवून टाकलं होतं, गप्पांच्या बाई. बाईंनाही ते आवडायचं. जिन्याखालची त्यांची खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती आणि कितीही झाडलं-पुसलं तरी तिला रबरी चेंडूंचा वास येत राहायचा. पण मुलं तिथे यायची. कुणाची मैत्रीण रुसलेली असायची, कुणाचे आईबाप एकमेकांशी बोलत नसायचे, कुणाला नुसतंच रडायचं असायचं. बाई खडू-रंगांचा डबा पुढे सरकवायच्या आणि गप्प बसायच्या. अर्धं काम म्हणजे ते गप्प बसणंच होतं.

मुंगीला त्यांच्याकडे आणलं गणिताच्या सरांनी. मुलगी सहावीतली, अंगाने काडी, सदानकदा पळत असायची म्हणून वर्गाने तिचं नावच मुंगी केलेलं. सर वैतागले होते.

"बाई, हिचं डोकं माझ्यापेक्षा जोरात चालतं, हे मी सगळ्यांसमोर कबूल करतो. पण मधल्या सुट्टीत ही जी गायब होते, ती माझा तास अर्धा संपल्यावर धापा टाकत उगवते. विचारलं की म्हणे, बूट हरवला होता. रोज कसा हरवतो बूट? आता तुम्हीच बघा, मी हात टेकले."

सर गेल्यावर बाईंनी डबा पुढे सरकवला. मुंगीने रंगांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, मी जाऊ? मला काही झालेलं नाही."

"बरं, जा."

ती गेली. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुंगी मागच्या फाटकाच्या फटीतून सटकली, तेव्हा बाई तिच्या मागोमाग निघाल्या. पोरगी वाऱ्यासारखी धावत होती. बाईंचा जीव घाईला आला. दोन गल्ल्या, एक पाण्याची टाकी, मग जुन्या इमारतीचा तळमजला. दाराला बाहेरून कडी होती. मुंगीने ती काढली, आत शिरली आणि आतून तिचा खणखणीत आवाज आला.

"चला, चला, पुढे सरका! दारात उभं राहू नका. मावशी, पिशवी मांडीवर घ्या. झालं? जाऊ द्या!"

बाई उंबऱ्याशीच थबकल्या. खिडकीजवळ खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. हातात पातेल्याचं मोठं झाकण होतं आणि ते झाकण डौलात, सराईतपणे वळवत ते समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होते. मुंगी त्यांच्या मागे उभी राहून दुधात भिजवलेल्या पावाचा घास त्यांच्या तोंडाशी नेत होती.

"गाडी चालवताना खायचं नसतं, कंडक्टर," ते म्हणाले.

"सिग्नल लागलाय, साहेब. खाऊन घ्या पटकन."

त्यांनी निमूट घास घेतला. मुंगीने हसून मान वळवली तर दारात बाई. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

मुंगीच्या आजोबांनी जन्मभर बस चालवली होती. नंतर त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग घर, मग माणसं. नातीलाही ते नात म्हणून ओळखत नव्हते. एकटे राहिले की उठून चालू पडायचे, आणि एकदा तर भर रस्त्यात गाड्यांना हात दाखवत उभे होते. पण बस सुरू असली की ते खुर्ची सोडत नसत. अर्ध्या वाटेत गाडी सोडून ड्रायव्हर जातो कुठे? ही युक्ती मुंगीची. सकाळी आई कामावर जाण्याआधी गाडी सुटायची, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती कशीबशी चालायची. मग प्रवासी नाहीत, कंडक्टर नाही, असं आजोबांच्या ध्यानात यायला लागायचं. म्हणून मुंगी धावत यायची, त्यांना खाऊ घालायची, मोरीवर न्यायची आणि गाडी पुन्हा सोडून शाळेत पळायची.

"बाई, कुणाला सांगू नका ना." तिने बाईंचा हात घट्ट धरला होता. "शाळा सुटेपर्यंत त्यांना काही होत नाही. मी सगळं बघते."

"तुझं वाईट होईल असं मी काही करणार नाही, बाळा," त्या म्हणाल्या. मुंगीने याचा अर्थ होकार असा घेतला. बाईंनी तो तसा घेऊ दिला.

मुंगीची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात होती. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल. तिच्या बोटांची सालटं निघालेली होती. बाईंनी सगळं सांगितल्यावर ती चिडली नाही, फक्त भिंतीला टेकून खाली बसली.

"मला कळत नाही का, बाई? पोरीचं वय काय आणि ती करतेय काय? पण करू काय मी? नवरा टाकून गेला. सासऱ्यांनी नाही टाकलं. नोकरी सुटल्यावर ते घरी बसले आणि माझी पोर वाढवली. तिची वेणीसुद्धा तेच घालायचे, भांग जरा वाकडा पडायचा तेवढंच." ती हसली आणि डोळे पुसले. "तुमच्या मोठ्या बाईंना सांगा ना. दुपारी तिला जरा जास्त वेळ सोडायला. उशीर झाला म्हणून सर रागावतात, त्याने ती रडते. बाकी कशाने नाही रडत."

एवढीच मागणी होती. बाई ती घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

मुख्याध्यापिकेला शाळेत मोठ्या बाई म्हणत. त्या दुष्ट नव्हत्या, आणि हेच अवघड होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये चष्मा काढून डोळे चोळले.

"आणि वाटेत तिला गाडीने उडवलं तर? मी काय तोंड दाखवू? शिवाय घरी एकटं आजारी माणूस, बाहेरून कडी. उद्या आग लागली म्हणजे? बाई, तुम्हाला नियम माहीत आहे. असं काही आपल्या कानावर आलं की बालकल्याण समितीला कळवावंच लागतं. तुम्ही नाही कळवलंत तर मला कळवावं लागेल. त्यापेक्षा तुम्हीच कळवा. तुम्ही चार शब्द समजुतीचे बोलाल."

बाईंनी आधी बाकीची दारं ठोठावून पाहिली. शेजारीण म्हणाली, एखाद दिवस ठीक आहे, रोजचं लोढणं नको. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं, तिथे जागा नव्हती आणि कधी होईल ते कुणी सांगेना. स्वतः बाई मुंगीबरोबर जाऊन आल्या, तर तेवढ्यात दुसरीतलं एक पोर त्यांच्या बंद दारासमोर रडत बसलेलं सापडलं. शेवटी त्यांनी कळवलं. फोन खाली ठेवल्यावर त्यांना वाटलं, बरं झालं. आता कुणीतरी मोठं माणूस लक्ष घालील, पोरीच्या खांद्यावरचा भार उतरेल. त्या रात्री त्यांना चक्क शांत झोप लागली.

लक्ष घालणारे आले. सभ्य लोक होते, बूट दाराबाहेर काढून आत आले. त्यांनी कडी पाहिली, मोरी पाहिली, मुंगीला तिच्या अभ्यासाबद्दल विचारलं. मग आईला बाजूला घेऊन सांगितलं, की एक तर म्हाताऱ्यांची व्यवस्था शहराबाहेरच्या वृद्धांच्या निवासात करता येईल, नाहीतर मुलीचा विचार करावा लागेल. मुलीचा विचार म्हणजे काय, हे आईने विचारलं नाही. ते तिला कळलं. तिने निवासाला मानेनेच होकार दिला.

आजोबांना न्यायला गाडी आली त्या दिवशी मुंगी शाळेत होती. ती वेळ मुद्दाम तशी ठेवली होती. मुलांना त्रास कमी होतो म्हणून. मधल्या सुट्टीत ती नेहमीसारखी पळत घरी गेली आणि तिथून पळत परत आली, ती थेट बाईंच्या खोलीत.

"बाई, आजोबा बाहेर पडलेत! दार उघडंच आहे! चला ना, लवकर!"

बाईंनी तिला बसवलं आणि सांगितलं. गेली कित्येक वर्षं मुलांना अवघड गोष्टी कशा सांगाव्यात हे त्या शिकत आल्या होत्या, आणि त्यांनी ते सगळं केलं. आवाज मऊ ठेवला, हात हातात घेतला, खोटं बोलल्या नाहीत. मुंगी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने हात सोडवून घेतला.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. एवढंच.

रविवारी बाई मायलेकींबरोबर त्या निवासात गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनाच राहवलं नाही. इमारत स्वच्छ होती. लांबलचक खोलीत दोन्ही बाजूंनी खाटा आणि खिडक्या उंचावर. आजोबा खुर्चीत होते, पण कमरेभोवती रुंद पट्टा बांधलेला होता आणि मान छातीवर पडलेली होती. सारखे उठून दाराकडे जातात, पडले बिडले तर काय, म्हणून पट्टा. आणि ओरडतात म्हणून गोळी.

मुंगीने घरून ते झाकण आणलं होतं. तिने ते त्यांच्या हातात दिलं, त्यांची बोटं एकेक करून त्याच्या कडेवर बसवली आणि मागे उभी राहिली. "चला, पुढे सरका," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "साहेब, उशीर होतोय. जाऊ द्या."

झाकण मांडीवरून घसरून खाली पडलं. त्या आवाजाने पलीकडची एक म्हातारी रडायला लागली.

बाईंनी तिथल्या सेविकेला गाठून सगळं समजावून सांगितलं. बस, कंडक्टर, सिग्नल. गोळ्यांपेक्षा याने ते शांत राहतील. सेविका मनापासून ऐकत होती, तिला हसूही आलं.

"खरं असेल हो तुमचं. पण इथे कुणी बस चालवतो, कुणी शेजारच्या खाटेला आई समजून हाका मारतो. आम्ही दोघीजणी. कुणाकुणाच्या गाडीत बसायचं आम्ही?"

पावसाळा संपायच्या आत आजोबा गेले. छातीत कफ झाला म्हणाले. आईला कारखान्यातून सुट्टी मिळाली, मुंगीने घेतली नाही. तिने आता एकही दिवस शाळा बुडवायची नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मधल्या सुट्टीत ती बाकावर बसून राहायची, गणिताचे सर येण्याआधी पुस्तक उघडून ठेवायची. पळणं बंद झालं तसं मुंगी हे नावही हळूहळू गळून पडलं. वार्षिक परीक्षेत ती वर्गात पहिली आली.

"बघा," सर भारावून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? डोकं होतंच. तुम्ही सोनं केलंत पोरीचं, बाई."

मोठ्या बाईंनाही आनंद झाला होता. मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी शाळा काय काय करते, हे पालकांना सांगायची सभा होती. तीत या मुलीने दोन शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं. बाई म्हणाल्या, नको, तिला राहू द्या. पण मुलीला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. सभेत ती ताठ उभी राहिली. घरी अडचण होती, शाळेने ती सोडवली, आता माझं अभ्यासात लक्ष लागतं, मी शाळेची आभारी आहे. कुठे अडखळली नाही. पालकांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई मागच्या रांगेत आपल्या बोटांकडे बघत बसली होती.

सभेनंतर बाईंनी तिला जिन्यापाशी गाठलं.

"छान बोललीस. खरं सांग, कशी आहेस तू?"

"बरी आहे, बाई."

"माझा राग येतो का तुला? आला तरी चालेल. बोललीस तरी चालेल."

तिने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. राग आला की माणूस निदान भांडतो.

"नाही बाई. माझा तास आहे," ती म्हणाली आणि सावकाश जिना चढून गेली.

नव्या वर्षात बाईंच्या खोलीत येणारी मुलं रोडावली. त्यांना आधी वाटलं, सुरुवातीचे दिवस आहेत. मग तिसरीच्या बाईंनी एका मुलीला पाठवलं. एवढ्या उकाड्यातही लांब बाह्यांचा सदरा घालते, कुणी जवळ गेलं की अंग चोरते. बाईंनी डबा पुढे सरकवला आणि गप्प बसल्या. मुलीने हिरवा रंग उचलला, कागदावर एक रेघ ओढली. तिला बोलायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलेलंही बाईंना दिसत होतं. मग तिने रंग जागेवर नीट ठेवून दिला.

"सातवीतली ताई म्हणाली, तुम्हाला काही सांगायचं नाही," ती कुजबुजली. "सांगितलं की घरातलं माणूस नेतात."

बाईंनी तोंड उघडलं. असं काही होत नाही बाळा, हे वाक्य जिभेवर तयार होतं. ते त्यांना म्हणता येईना.

"मी वर्गात जाऊ?" मुलीने विचारलं.

"जा," बाई म्हणाल्या. मुलगी बाह्या मनगटापर्यंत ओढत उठली, आणि जाताना तिने दार अलगद, पूर्ण लावून घेतलं.