पिंडाकडे पाठ

ऊन डोक्यावर आलं तरी छबूबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना.

मुळा नदीच्या काठी दहाव्याला जमलेली मंडळी आपापल्या परीने प्रयत्न करून थकली होती. भाऊबंदांनी यापुढे बांध न कोरण्याचं कबूल केलं. जावयाने दारू सोडली. कावळ्याला या दोन्ही गोष्टींचा अनुभव असावा. तो बाभळीवरून हलला नाही.

छबूबाईंचा एकुलता एक मुलगा हर्षल, राहुरीत खत-औषधांचं दुकान चालवणारा, जरा बाजूला झाला. पिंड आणि बाभूळ दोन्ही मागे येतील असा उभा राहिला, फोन उंच धरला आणि चेहरा पाडला. फोटो मनासारखा आला नाही म्हणून चेहरा पुन्हा पाडला.

"हर्षल, आज तरी ठिव की रं त्ये," आक्काबाई म्हणाल्या. त्या छबूबाईंच्या थोरल्या बहीण.

"मावशी, लोक दुःखात सामील होतात. आणि असं ताजं मुंडण चारचौघांना दाखवायला आत्मविश्वास लागतो."

"आत्मविश्वास? मंग किती जनांनी बघितलं ते घडीघडीला कशापायी बघतूस? तुजं दुःख खरं हाय का न्हाई, ते बी लोकांनीच सांगायचं व्हय?"

कुणीतरी हसलं आणि जागेचं भान येऊन खोकलं.

"अन् त्यो फोटो काढायचा तर पिंडाकडं पाठ करावी लागती," आक्काबाई थांबल्या नाहीत. "दवाखान्यात बी तू असाच बसायचास. छबू म्हनायची, आक्का, लेक रोज येतो, पन माज्याकडं तोंड करत न्हाई."

"काहीही! रोज गेलोय मी. हे बघा पुरावे!" हर्षलने तावातावाने दवाखान्यातले फोटो उघडले.

पहिल्या फोटोत तो फोनकडे बघत होता. मागे खाटेवर आई त्याच्याकडे बघत होती. दुसऱ्यातही तेच. सलाइन लावलेली आई, नाकाला नळी लावलेली आई. प्रत्येक फोटोत ती त्याच्याकडे आणि तो फोनकडे. शेवटच्या फोटोत तिने हात उचलला होता. 'आईचा आशीर्वाद' असं त्याने खाली लिहिलं होतं. हात त्याच्या डोक्याकडे नव्हता, हनुवटीकडे होता. ती त्याचं तोंड आपल्याकडे वळवू पाहत होती.

"अरेरे! काय केलं मी हे!"

हर्षलने फोन खिशात घातला आणि पिंडाकडे वळून, वाळूत बसून हात जोडले. "आई, बघतोय गं. तुझ्याकडंच बघतोय."

कावळा उडाला. सगळे सावरून उभे राहिले. तो नदीपलीकडे निघून गेला.

अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. दर्भाचा कावळा कुणालाच नाही म्हणत नाही. फोटोखाली उमटणाऱ्या अंगठ्यांचंही तसंच असतं.

मंडळी, स्वतःवर विश्वास असलेल्या माणसाला घडोघडी साक्षीदार लागत नाहीत. ज्याला लागतात, त्याने निदान जे माणूस आधीपासून आपल्याकडे बघतंय त्याच्याकडे वळून बघावं. ते आहे तोवर!

हर्षलच्या खिशात फोन थरथरत होता. श्रद्धांजल्या येत होत्या. त्याने हात लावला नाही. हर्षल सुधारला होता. ते बघायला आई तेवढी नव्हती.