माझ्याच अक्षरातलं निमंत्रण

धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण आलं, तेही माझ्याच अक्षरात. पाकिटावर ‘ताई’ आणि खाली पत्ता. लिहिलं मी नव्हतं, पण अक्षर माझंच. तिळपापड झाला माझा.

आम्हा बहिणींचं निमंत्रणपत्रिकांचं दुकान होतं. ती गिऱ्हाइकं सांभाळायची, मी पाकिटांवर नावं लिहायची. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पाकिटाला ती पेन टेकवायची नाही. मग तिनेच कॉम्प्युटरचे फॉन्ट करणाऱ्या एकाला गाठलं. ‘ताई, तुझं अक्षर कायमचं राहील,’ म्हणाली. सहा महिने खपून मी एकेक अक्षर काढून दिलं: उतरताना जाड, चढताना केसाएवढं बारीक, जरासं पुढे झुकलेलं. अक्षर राहिलं, पण वर्षभरात पाकिटं मशीनवर निघायला लागली आणि मी रिकामी झाले. तिला नको नको ते बोलले. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

आता मी एकटी राहते आणि हे अक्षर माझा पिच्छा सोडत नाही. केकच्या खोक्यावर तेच, अत्तराच्या बाटलीवर तेच, शेजारचे आजोबा गेले तेव्हा जिन्यात लावलेल्या कागदावरही तेच. साऱ्या गावाशी गोडगोड बोलतं मेलं. माझ्याशी मात्र दिवसदिवस कोणी बोलत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पाकीट दोन दिवस टेबलावर पडून होतं. प्रेसवाल्याने यादी मशीनमध्ये घातली असेल, तिच्यात मीही छापून निघाले असेन, एवढंच. जायचं नाही, असं ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना डोळ्यांवर चष्मा होता, म्हणून दिसलं. ‘ताई’मधल्या ‘ई’च्या डोक्यावरचा फराटा मागे वळून अख्ख्या शब्दावर पसरला होता.

‘ई’ मी तीन तऱ्हेची काढली होती. ही तिसरी कोणी वापरणार नाही, असं फॉन्टवाला तेव्हाच म्हणाला होता. मशीन आपणहून पहिलीच टाकतं. तिसरी हवी तर अक्षरांचा तक्ता उघडून, शोधून, स्वतः निवडावी लागते.

मी फोन लावला. भाचीने उचलला.

“माझ्या पाकिटावरचं नाव कोणी टाकलं?”

“मावशी? तू?” ती जरा गडबडली. “आईने. बाकीची सगळी प्रेसमध्ये झाली. तुझं घेऊन ती दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसली होती. मला हात लावू देईना.”

“मग हाताने लिहायला काय झालं होतं?”

“लिहिलं होतं गं. सहा पाकिटं फाडली. म्हणाली, असलं अक्षर ताईला कसं पाठवू?”

मी टेबलावरचं पाकीट हातात घेतलं.

“ती इथेच उभी आहे. देऊ?” भाचीने विचारलं.

धाकटीने फोन हातात घेतल्याचा आवाज आला. सात वर्षं मनातल्या मनात मी तिला काय काय सुनावलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

“मला न्यायला कोण येतंय?” मी विचारलं.