अकरा मिनिटं पुढं

मी आलापल्लीच्या एका सागवान डेपोतलं भिंतीवरचं घड्याळ. ज्याच्यापायी इस्तारीची रोजी गेली, तेच. शिव्या पुष्कळ खाल्ल्या, आता माझंही ऐका.

ठेकेदारानं मला आणलं तेव्हापासून माझी चाल नीट होती. पण हजेरी घेणाऱ्या मुन्शीला माझा भरवसा नव्हता. दर महिन्याला तो आपली खिशातली घडी डोमा क्लीनरजवळ द्यायचा. डोमा लाकडाच्या ट्रकवर बल्लारशाला जायचा, स्टेशनच्या घड्याळाशी ती मिळवायचा आणि दोन दिवस धक्के खात परतायचा. मग तिच्यावरून माझे काटे फिरवायचे. ती घडी मुन्शीला लग्नात सासऱ्यानं दिलेली. जावयाची घडी कोण तपासणार?

डोमानं एकदा सांगितलं, "मुन्शीजी, ही घडी रस्त्यानं पळते. स्टेशनावर पाह्यलं का दरवेळी पुढंच."

"तुयाच हात लागत असन," मुन्शी म्हणाला.

फाटक सकाळी सातला बंद व्हायचं. बाकीचे मजूर डेपोतच झोपड्या टाकून राहत. इस्तारी मात्र दोन कोसांवरून यायचा, कारण घरी आंधळी आई. तांबडं फुटताच निघायचा आणि वर्षानुवर्षं वेळेत पोचायचा. आता त्या घडीपायी मी आधीच सात दाखवायचो, तेव्हा तो वाटेतल्या नाल्यातच असायचा. तीनदा असं झालं आणि मुन्शीनं त्याचं नाव कापलं.

"मी रोजच्याच वक्ताले आलो, भाऊ."

"मंग घडी खोटं बोलून राह्यली का?"

बोलत होतो की! पण माझे काटे त्याच्याच हातात.

सत्तावन्न साली रशियानं आभाळात माणसानं घडवलेला चंद्र सोडला. त्याची बातमी ऐकायला ठेकेदारानं बॅटरीचा रेडिओ आणला. बातम्यांआधी वेळेचे ठोके पडले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अकरा मिनिटं पुढं होतो. मुन्शीची घडी तर माझ्याही पुढं. त्यानं मुकाट्यानं स्टूल ओढलं आणि माझे काटे मागं केले. लाजला म्हणाल, तर नाव नको.

डोमानं हे इस्तारीला कळवलं. दुसऱ्या सकाळी तो आला, तेव्हा सातला दोन मिनिटं कमी होती.

"मी वेळेवरच येत होतो, मुन्शीजी. नाव लिहा."

"तुया जागी दुसरा लागला. जाय."

इस्तारी सिरोंच्याकडे बांबू तोडायला गेला. आई शेजारच्या गोकुळाबाईच्या भरवशावर.

बाबांनो, मला खुशाल मिळवा, पण ज्याच्याशी मिळवता तेही एकदा तपासा. ती म्हातारी अजून रोज पहाटे विचारते म्हणे, "इस्तारी डेपोले निंगाला का?" गोकुळाबाई 'हो' म्हणते.